कर्करोग आणि सप्लिमेंट: दाराशी थांबून विचारलेले प्रश्न

गेली चौदा वर्षं मी कर्करोगाच्या रुग्णांच्या आहाराचं काम करते. समोर बसलेलं माणूस आधी भाकरी-भाताचं विचारतं. उठून दाराशी गेलं, की परत फिरतं, पिशवीतून एक डबा काढतं आणि हळू आवाजात म्हणतं, "मॅडम, हे चालेल का?" खालचे प्रश्न त्या दाराशी विचारलेले आहेत. उत्तरं माहिती म्हणून वाचा. तुमच्या माणसाची फाइल माझ्यासमोर नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टचाच, म्हणजे कर्करोगतज्ज्ञाचाच.

सप्लिमेंट म्हणजे औषधच ना? दुकानात तर गोळ्यांच्या शेजारीच ठेवलेलं असतं.

शेजारी ठेवलेलं असलं, तरी कायद्याने ते अन्न आहे. आपल्याकडे हेल्थ सप्लिमेंट आणि न्यूट्रास्युटिकल यांचे नियम भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ साली केले. औषध बाजारात येण्याआधी ते त्या आजारावर काम करतं, हे माणसांवरच्या चाचण्यांतून दाखवावं लागतं. सप्लिमेंटला ही अट नाही. डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचा. चौदा आकडी परवाना क्रमांक दिसेल आणि हे औषधी वापरासाठी नाही, अशा अर्थाची ओळही दिसेल. तोंडी मात्र विक्रेता नेमकं उलटं सांगत असतो. ती बारीक ओळ मी रुग्णाला मोठ्याने वाचायला लावते.

किमो, ऑपरेशन, शेक (रेडिएशन) काहीच न घेता फक्त सप्लिमेंट आणि आहारावर कर्करोग बरा होतो का?

नाही. या एका प्रश्नाला मी "बघू", "प्रत्येकाची प्रकृती वेगळी" असलं काही म्हणत नाही.

२०१८ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. कर्करोग शरीरभर पसरलेला नसताना, म्हणजे उपचाराने बरं होण्याची चांगली शक्यता असताना, ज्यांनी नेहमीचे उपचार नाकारून केवळ पर्यायी मार्ग धरला असे २८१ रुग्ण त्यांनी घेतले. तसाच आजार आणि तेवढंच वय असलेल्या, पण नेहमीचे उपचार घेतलेल्या रुग्णांशी त्यांची तुलना केली. पर्यायी मार्गावरच्यांत मृत्यूचा धोका अडीच पट निघाला. स्तनाच्या कर्करोगात तो पाच पटींहून जास्त होता, मोठ्या आतड्याच्या कर्करोगात साडेचार पटींच्या आसपास. म्हणजे जो आजार वेळेत धरला तर सर्वांत चांगला आटोक्यात येतो, त्यातच नुकसान सर्वांत मोठं.

त्याच गटाचा दुसरा अभ्यास मला जास्त अस्वस्थ करतो. त्यातले रुग्ण नेहमीचे उपचार घेत होते आणि सोबत पूरक पद्धतीही वापरत होते. त्यांच्यातही मृत्यूचा धोका दुप्पट दिसला. कारण शोधलं तेव्हा कळलं, की या लोकांनी पुढच्या टप्प्यातले उपचार जास्त प्रमाणात नाकारले होते. ऑपरेशन केलं, पण किमो नको म्हटलं. किमो घेतला, पण शेक टाळला. डब्यातल्या पावडरीने थेट काही केलं नाही, तरी "आता आपलं दुसरं चालू आहे" हा दिलासा तिने दिला, आणि माणूस पुढच्या तारखेला गेलाच नाही.

पण व्हॉट्सॲपवर एका मोठ्या माणसाच्या बायकोचा व्हिडिओ आला होता. लिंबू, हळद, कडुनिंब घेऊन चौथ्या स्टेजचा कर्करोग गेला म्हणे.

तो नोव्हेंबर २०२४ मधला. माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीच्या आजारपणाबद्दल बोलताना आहाराचा पाढा वाचला आणि तो भाग देशभर फिरला. त्याच बाईंचं ऑपरेशन झालं होतं, किमोही झाला होता. फिरलेल्या तुकड्यात ते झाकलं गेलं. दोन-तीन दिवसांतच मुंबईच्या टाटा मेमोरियल कर्करोग रुग्णालयाच्या आजी-माजी २६२ कर्करोगतज्ज्ञांनी सहीनिशी पत्रक काढलं, की या दाव्यांना पुरावा नाही, उपचार थांबवू नका. पुढे सिद्धूंनीही सांगितलं, की आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच आणि उपचारांच्या जोडीने होता. हा खुलासा किती जणांच्या फोनवर पोचला?

"त्यांना गुण आला" असं कुणी सांगितलं, की तीन गोष्टी विचारा. बायोप्सी झाली होती का? त्याआधी किंवा त्यासोबत ऑपरेशन, किमो, शेक काय काय झालं? आणि आज ते माणूस कसं आहे? बहुतेक कहाण्यांत गाठ आधीच काढलेली असते.

अँटिऑक्सिडंट गोळ्या तरी चांगल्या असतील? फळं-भाज्या खा म्हणतात, त्यांत तेच असतं ना?

अँटिऑक्सिडंट म्हणजे पेशींची ऑक्सिडेशनने होणारी झीज रोखणारी द्रव्यं. शास्त्रज्ञांनाही एके काळी असंच वाटलं होतं, म्हणून हा प्रश्न मी नीट समजावते. भाज्या-फळं जास्त खाणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी दिसत होता आणि त्यांच्या रक्तात बीटा कॅरोटीन जास्त सापडत होतं. गाजराला रंग देणारं तेच हे द्रव्य. मग ते गोळीतून दिलं तर?

फिनलंडमध्ये ५० ते ६९ वयाच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर हे करून पाहिलं. निकाल १९९४ साली आला. बीटा कॅरोटीनची गोळी घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला होता. अमेरिकेत असाच मोठा प्रयोग चालू होता, धूम्रपान करणारे, सोडलेले आणि ॲस्बेस्टॉसच्या कामावरचे कामगार मिळून अठरा हजारांवर लोकांचा. तिथे बीटा कॅरोटीन आणि व्हिटॅमिन ए घेणाऱ्यांत २८ टक्के वाढ दिसली आणि जानेवारी १९९६ मध्ये गोळ्या मुदतीआधीच बंद कराव्या लागल्या. त्यानंतर ३५,५३३ पुरुषांना सेलेनियम आणि व्हिटॅमिन ई देऊन प्रोस्टेटचा कर्करोग टळतो का ते पाहिलं. टळला नाही. उलट व्हिटॅमिन ई घेणाऱ्या गटात तो १७ टक्क्यांनी वाढल्याचं २०११ मध्ये समोर आलं.

हे सगळं निरोगी माणसांत कर्करोग टाळण्याबद्दल झालं. उपचार चालू असताना प्रश्न आणखी अवघड होतो. शेक आणि काही प्रकारचा किमो पेशीत ऑक्सिडेशन घडवूनच ती मारतो. त्याच वेळी आपण बाहेरून अँटिऑक्सिडंटचा भरपूर डोस दिला, तर वाचणाऱ्या पेशींत गाठीतल्या पेशीही असू शकतात. स्तनाच्या कर्करोगाच्या ११३४ रुग्णांच्या एका अमेरिकी अभ्यासात, किमोच्या आधी आणि किमो चालू असताना अशा गोळ्या घेणाऱ्यांत आजार उलटण्याचं प्रमाण जास्त दिसलं. घेणाऱ्यांची संख्या थोडी, म्हणून अभ्यासकांनी निष्कर्ष ठाम मांडला नाही. पण एवढी शंका असताना मी ती गोळी माझ्या घरच्या माणसाला देणार नाही.

गाजर, पालक, आवळा, पेरू मजेत खा. ताटातल्या भाजीत शेकडो घटक थोडे थोडे असतात, गोळीत एकच असतो आणि तोही भरमसाट.

व्हिटॅमिन सीचं सलाईन? नोबेलवाल्या शास्त्रज्ञाने सांगितलं आहे म्हणे.

लायनस पॉलिंग. रसायनशास्त्राचं आणि शांततेचं अशी दोन नोबेल पारितोषिकं मिळालेला खरोखर मोठा माणूस. १९७६ मध्ये त्यांनी स्कॉटलंडमधले डॉक्टर इवन कॅमेरॉन यांच्याबरोबर लिहिलं, की रोज १० ग्रॅम व्हिटॅमिन सी दिलेले शेवटच्या टप्प्यातले रुग्ण जास्त जगले. खोट होती तुलनेत. ज्या रुग्णांशी तुलना केली ते जुन्या नोंदींतून निवडलेले होते. मेयो क्लिनिकने मग चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून १९७९ आणि १९८५ मध्ये तोंडाने १० ग्रॅम देऊन पाहिलं. फायदा दिसला नाही.

शिरेतून दिलं की रक्तातली पातळी कितीतरी जास्त चढते, म्हणून त्यावर अजून संशोधन चालू आहे. संशोधन चालू आहे याचा अर्थ कोपऱ्यावरच्या क्लिनिकमध्ये पैसे भरून घ्यावं असा होत नाही. किडनी कमजोर असेल तर ऑक्झलेट साचून ती आणखी बिघडू शकते. जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्यांत तांबड्या पेशी फुटतात. आणि मधुमेह असेल तर हे जरूर लक्षात ठेवा: मोठ्या डोसनंतर घरचं ग्लुकोमीटर साखर आहे त्यापेक्षा खूप जास्त दाखवू शकतं. त्या आकड्यावर कुणी इन्सुलिन टोचलं तर जिवावर बेतेल.

हळद तर आपल्या रोजच्या फोडणीत. कर्क्युमिनच्या कॅप्सूलला काय हरकत?

फोडणीतल्या हळदीला काहीच हरकत नाही. हळदीचं दूधही चालेल. सांगलीच्या बाजारातली चांगली हळद घेतली तरी तिच्यात कर्क्युमिन वजनाच्या तीनेक टक्केच. पाचशे मिलिग्रॅम कर्क्युमिनच्या दोन कॅप्सूल म्हणजे दहा-अकरा चमचे हळद झाली. आपल्या आजीने एवढी हळद कुणाला एका दिवसात खाऊ घातली नव्हती.

कर्क्युमिन आतड्यातून फारसं शोषलं जात नाही, लिव्हर ते लगेच बाहेर काढतं. प्रयोगशाळेतल्या बशीत ते कर्करोगाच्या पेशींवर परिणाम करतं, तो परिणाम माणसाच्या शरीरात तसा दिसत नाही याचं हे एक मोठं कारण. यावर कंपन्यांनी तोडगा काढला तो काळ्या मिरीतल्या पायपरीनचा. ते घातलं की शोषण वाढतं. पण पायपरीन ज्या वाटा अडवून हे घडवतं, त्याच वाटांनी किमोची कितीतरी औषधंही शरीराबाहेर पडत असतात. तिथे अडथळा आला की औषधाचा हिशेब चुकतो. नेदरलँड्समध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेनची गोळी घेणाऱ्या १६ स्त्रियांवर झालेल्या छोट्या अभ्यासात कर्क्युमिन, आणि विशेषतः कर्क्युमिन अधिक पायपरीन घेतल्यावर, टॅमॉक्सिफेनपासून तयार होणाऱ्या परिणामकारक घटकाची पातळी घटली. टॅमॉक्सिफेनची गोळी बाई पाच-दहा वर्षं घेणार, आजार उलटू नये म्हणून. तिच्यात वाटेकरी कशाला? शिवाय हळदीच्या सप्लिमेंटने लिव्हरला सूज आल्याच्या नोंदी आता बऱ्याच झाल्या आहेत.

'व्हिटॅमिन बी-१७' मागवलं आहे. कडू जर्दाळूच्या बिया.

खाऊ नका. बी-१७ नावाचं व्हिटॅमिन अस्तित्वात नाही. ते ॲमिग्डालिन, लेट्रिल या नावानेही विकलं जातं. पोटात त्यातून सायनाइड सुटतं. १९८२ मध्ये अमेरिकेत १७८ रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी झाली. गाठी कमी झाल्या नाहीत, आयुष्य वाढलं नाही आणि काहींच्या रक्तात सायनाइड धोक्याच्या पातळीकडे गेलं. घरात लहान मुलं असतील तर त्या बिया आजच बाहेर काढा.

गुळवेल आणि अश्वगंधा? प्रतिकारशक्तीसाठी तर सगळेच घेतात.

कोविडच्या काळात घराघरांत गुळवेलीचा काढा झाला. त्याच दिवसांत, २०२० च्या शेवटच्या महिन्यांत, मुंबईतल्या डॉक्टरांना लिव्हर बिघडलेले सहा रुग्ण सापडले. सगळे गुळवेल घेत होते. हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, की ती खरी गुळवेल होती की तशीच दिसणारी दुसरी वेल, हे तपासलेलं नाही. पुढे देशभरातल्या १३ केंद्रांतून असेच ४३ रुग्ण नोंदले गेले. अश्वगंधेनेही लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि ती थायरॉइडच्या पातळीत ढवळाढवळ करू शकते.

निरोगी माणसाला एक वेळ हे निभावेल. किमोवरच्या रुग्णाचं लिव्हर मात्र आधीच रात्रंदिवस राबत असतं. रिपोर्टमध्ये एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या इजेचा आकडा, वाढलेलं दिसलं की किमो पुढे ढकलतात. मग डॉक्टर कारण शोधत बसतात आणि कारण स्वयंपाकघरातल्या बरणीत असतं.

"प्रतिकारशक्ती वाढवणं" हा शब्दप्रयोगही जपून वापरावा. किमोमध्ये पांढऱ्या पेशी कमी होतात तेव्हा लागली तर त्यासाठी इंजेक्शनं असतात. काढ्याने त्या पेशी वाढल्याचं मी पाहिलेलं नाही.

म्हणजे तुम्ही निसर्गाच्या विरोधात आहात?

अजिबात नाही. किमोच्या कितीतरी बाटल्या झाडांच्याच आहेत, हे मी रुग्णांना हौसेने सांगते. आपल्या अंगणातली सदाफुली घ्या. तिच्यातून व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन मिळाली, लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात व्हिन्क्रिस्टीनने किती जीव वाचवले आहेत! आपल्या सह्याद्रीतला नरक्या घ्या. त्याच्यात कॅम्प्टोथेसिन असतं, आणि त्या द्रव्यापासून आयरिनोटेकान आणि टोपोटेकान ही औषधं घडवली गेली. नरक्याची तोड इतकी झाली, की ते झाड जंगलात शोधावं लागतं. पॅक्लिटॅक्सेल हे किमोचं औषध यू नावाच्या वृक्षाच्या सालीतून आलं.

मग पानं चावून का चालत नाही? एक ग्रॅम औषधासाठी सदाफुलीची शेकडो किलो पानं लागतात, आणि त्याच पानांत इतर विषारी द्रव्यंही असतात. कॅम्प्टोथेसिन सुरुवातीला जसंच्या तसं दिलं तेव्हा मूत्राशयातून रक्तस्राव व्हायला लागला, म्हणून त्याचं रूप बदलावं लागलं. झाडातलं नेमकं काय, किती, कुणाला आणि कितव्या दिवशी द्यायचं हे ठरवायला कित्येक वर्षं गेली. सदाफुलीची पानं उकळून पिणारे रुग्ण माझ्याकडे येतात तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण ती सदाफुली आधीच त्यांच्या सलाईनमध्ये असू शकते, मोजून मापून.

लक्ष्मणफळ, गव्हांकुरांचा रस, पपईच्या पानांचा रस?

लक्ष्मणफळाच्या पानांचा चहा आणि कॅप्सूल "किमोपेक्षा दहा हजार पट प्रभावी" म्हणून विकतात. तो दावा बशीतल्या पेशींवरून उचललेला आहे. या फळात आणि पानांत ॲनोनासिन नावाचं मज्जातंतूंना घातक द्रव्य आहे. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलुप बेटावर ते नेहमी खाणाऱ्यांत पार्किन्सनसारखा आजार जास्त आढळला.

गव्हांकुरांचा रस कच्चा असतो. काउंट, म्हणजे पांढऱ्या पेशींची संख्या, खाली असताना मातीतले जंतू पोटात जाणं परवडत नाही. घरगुती मोड आलेलं कडधान्य उकडून खा, तेवढं बास.

पपईच्या पानांचा अभ्यास झाला तो मुख्यतः डेंग्यूत. किमोत प्लेटलेट पडण्याचं कारण वेगळं असतं, आणि बहुतेक वेळा पुढच्या सायकलपर्यंत त्या आपल्या आपण वर येतात. श्रेय रसाला मिळतं.

टाटाची शंभर रुपयांची गोळी आली आहे ना? तीही सप्लिमेंटच आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ती बातमी झळकली आणि पुढचा महिनाभर रोज कुणीतरी चिठ्ठी घेऊन यायचं. टाटा मेमोरियल सेंटरचे ज्येष्ठ संशोधक डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाचं काम आहे. मरणाऱ्या कर्करोगपेशींतून बाहेर पडणारे क्रोमॅटिनचे (डीएनए आणि प्रथिनांचे) कण निरोगी पेशींत शिरून नुकसान करतात, आणि रेस्व्हेराट्रॉल (द्राक्षांतही असणारं द्रव्य) व तांबं यांच्या मिश्रणाने ते कण निकामी होतात, असा त्यांचा विचार. उंदरांवरचे प्रयोग आणि माणसांवरच्या छोट्या चाचण्या झालेल्या आहेत. आजार उलटणं टळतं, हे मोठ्या चाचणीत सिद्ध व्हायचं आहे. बाजारातून रेस्व्हेराट्रॉलची बाटली आणि तांब्याच्या भांड्यातलं पाणी एकत्र करून ती गोळी बनत नाही. असं करणारे दोघे मला भेटले आहेत.

मग कुठलंच सप्लिमेंट घ्यायचं नाही?

घ्यायचं. डॉक्टरांनी लिहून दिलेलं एकही चुकवायचं नाही.

पोट काढून टाकण्याचं ऑपरेशन झालं असेल तर बी-१२ आयुष्यभर लागतं. ते शोषायला लागणारा घटक जठरातच तयार होतो. स्वादुपिंडाचं मोठं ऑपरेशन झाल्यावर जेवणाबरोबर एन्झाइमच्या कॅप्सूल लागतात, नाहीतर खाल्लेलं तूप तसंच बाहेर पडतं आणि वजन उतरत जातं. स्तनाच्या कर्करोगासाठी लेट्रोझोलसारख्या गोळ्यांवर असलेल्या बायकांची हाडं विरळ होतात, त्यांना कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी देतात. पेमेट्रेक्सेड हा फुफ्फुसाच्या कर्करोगातला किमो तर फॉलिक ॲसिड आणि बी-१२ चालू केल्याशिवाय देतच नाहीत, कारण त्यांच्यामुळे त्याचे दुष्परिणाम कमी होतात.

आणि तेच फॉलिक ॲसिड कॅपेसिटाबिन या किमोच्या गोळ्यांबरोबर मोठ्या मात्रेत गेलं, तर जुलाब आणि हातापायांची सालं निघण्याचा त्रास वाढू शकतो. एक जीवनसत्त्व, दोन औषधं, परिणाम उलटसुलट. "साधी मल्टिव्हिटॅमिन आहे, तिने काय होतंय" असं कुणी म्हटलं, की मी हे उदाहरण देते.

व्हिटॅमिन डी रक्तात कमी असेल तर जरूर भरून काढा. ते कर्करोग टाळतं म्हणून घेऊ नका. २५,८७१ लोकांना सुमारे पाच वर्षं रोज २००० युनिट देऊन पाहिलं, नव्या कर्करोगांचं प्रमाण घटलं नाही.

लोहाच्या गोळ्याही स्वतःहून नकोत. किमोत हिमोग्लोबिन उतरतं ते नेहमीच लोहाच्या कमतरतेने नसतं.

ग्रीन टी, पपनस, ओमेगा-३?

मायलोमा या रक्ताच्या कर्करोगासाठी बोर्टेझोमिब हे औषध घेत असाल तर ग्रीन टीचा अर्क टाळा. प्रयोगशाळेत आणि उंदरांत त्यातल्या घटकाने त्या औषधाचं कामच बंद पाडलेलं दिसलं. पपनस आणि ग्रेपफ्रूट काही गोळ्यांची रक्तातली पातळी वाढवतात. रक्ताच्या कर्करोगातल्या इमॅटिनिबसारखी रोजची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय खाऊ नका. ओमेगा-३, व्हिटॅमिन ई, लसणाच्या कॅप्सूल यांनी रक्त गोठायला उशीर लागू शकतो. ऑपरेशनची तारीख मिळाली की त्याच दिवशी सर्जनला यादी दाखवा, किती दिवस आधी थांबवायचं ते सांगतील.

प्रोटीन पावडर? पाच हजारांचा डबा घेतला आहे.

ही माझ्या रोजच्या कामाची गोष्ट. कर्करोगात वजन आणि स्नायू झडतात आणि त्यामुळे उपचार सोसवत नाहीत. सर्वसाधारण हिशेब असा, की वजनाच्या दर किलोला दिवसाला १ ते १.५ ग्रॅम प्रथिनं आणि २५ ते ३० किलोकॅलरी. पन्नास किलोच्या बाईला ५० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६-७, वाटीभर घट्ट वरणात तेवढंच, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास. दोन अंडी, दोन पेले दूध, दोन वाट्या वरण, थोडं पनीर किंवा मासा, की गणित जमतं. शाकाहारी घरात शेंगदाण्याचा कूट, सातूचं पीठ, सोयाबीन मिसळलेली भाकरी.

पण तोंडात फोड आलेत, वासाने मळमळतं, चार घासांत पोट भरतं, अशा वेळी गणित कागदावर राहतं. तेव्हा पावडर उपयोगी पडते आणि मी स्वतः ती देते. जाहिरातीतली महागडीच हवी असं नाही. किडनीचा त्रास असेल तर आधी विचारा. जिमच्या दुकानातली, जडीबुटी मिसळलेली नको. आणि पातळ पेज, नाचणीचं सत्त्व, तूप घातलेला मऊ भात यांना कमी लेखू नका.

साखर पूर्ण बंद केली आहे. कर्करोगाच्या पेशी साखरेवर जगतात ना?

सगळ्याच पेशी साखरेवर जगतात. तुम्ही साखर खाल्ली नाही तरी शरीर भात-भाकरीतून ती बनवतं, आणि खाणंच कमी पडलं तर स्नायू मोडून. मधुमेह नसेल तर खिरीची वाटी हिरावून घेऊ नका.

डॉक्टरांना सांगितलं तर ओरडतील.

माझ्या मावशीने हेच म्हणून लपवलं होतं. ओळखीतल्या एकाने दिलेली तपकिरी पावडर, दिवसातून तीनदा, मधातून. दोन वेळा लिव्हरचे आकडे वाढले म्हणून किमो पुढे गेला. कावीळ तपासली, सोनोग्राफी झाली. मी तेव्हा या क्षेत्रात नवीन होते आणि रोज तिच्या घरी जात होते, तरी मला कळलं नाही. पूजेच्या कपाटात ठेवली होती ती. शेवटी तिच्या सुनेने मला दाखवली. पावडर थांबली, आकडे हळूहळू खाली आले, किमो पुन्हा चालू झाला. गेलेले आठवडे मात्र परत आले नाहीत. मावशीवर मी कधी रागावले नाही. तिला जगायचं होतं, आणि कुणीतरी तिच्या हातात काहीतरी ठेवलं होतं.

म्हणून सांगते, तुम्हाला बोलायला अवघड जात असेल तर बोलू नका. डबा, पुडी, बाटली सगळं पिशवीत भरून ओपीडीत टेबलावर ठेवा. वैद्यांकडून घेत असाल तर त्यांची चिठ्ठीही ठेवा. डॉक्टर दोन वाक्यं रागाने बोलले तरी चालेल.

फसवणूक आहे हे ओळखायचं कसं?

"बरं होण्याची खात्री", "सगळ्या प्रकारच्या कर्करोगांवर एकच", "किमो बंद करा मगच काम करेल", "डॉक्टरांना सांगू नका". यातलं एकही वाक्य ऐकलं की उठा. आपल्याकडे १९५४ चा औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे, त्याच्या यादीत कर्करोग आहे. तो बरा करण्याची जाहिरात करणं गुन्हा आहे. जाहिरातीचा फोटो काढून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार देता येते.

खरं सांगायचं तर उपचारांना पैसे नाहीत, म्हणून हा मार्ग धरला.

हे उत्तर मला सर्वांत उशिरा मिळतं आणि सर्वांत आधी मिळायला हवं. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचं ऑपरेशन, किमो, शेक बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा. मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवा विभाग असतो, ट्रस्टची मदत कुठून मिळेल ते त्यांना ठाऊक असतं. पर्यायी म्हणून विकली जाणारी पाकिटं स्वस्त नसतात. महिन्याला पंधरा-वीस हजार घालवलेली कुटुंबं मी पाहिली आहेत.

डॉक्टर म्हणाले, आता करण्यासारखं काही उरलं नाही. मग तरी घेऊ द्या ना.

आधी त्या वाक्यात दुरुस्ती. गाठ कमी करणारे उपचार संपले असतील. वेदना, धाप, उलटी, झोप यांच्यावरचे उपचार संपलेले नसतात. पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या, विभागाचा पत्ता मागा. मॉर्फिनची भीती मनातून काढून टाका, नीट दिलं तर माणूस त्यावर शांत बसून नातवंडांशी बोलतो.

घरच्यांच्या समाधानासाठी एखादी निरुपद्रवी गोष्ट द्यायची असेल, तर विचारून द्या, मी आडवी येणार नाही. फक्त त्यासाठी दागिने मोडू नका, आणि त्या माणसाला कडू काढे, उपास, पथ्य लादून उरलेले दिवस बेचव करू नका. त्याला पिठलं-भात हवा असेल तर पिठलं-भात करा.

हे वाचलं आणि धडकी भरली. आईला तीन आठवड्यांपासून चार प्रकारच्या कॅप्सूल चालू आहेत. परवा किमो आहे.

घाबरू नका, आणि डबे फेकू नका. चारही डब्यांच्या पुढच्या आणि मागच्या बाजूचे फोटो काढा. कधीपासून, दिवसातून किती, हे एका कागदावर लिहा. आजच किमो वॉर्डला किंवा डॉक्टरांच्या मदतनिसाला फोन करून सांगा, परवापर्यंत थांबू नका; कदाचित आधी रक्त तपासायला बोलावतील. तोपर्यंत नवीन डोस देऊ नका. यातली एखादी गोळी डॉक्टरांनीच लिहिलेली असेल तर ती मात्र चालू ठेवा. लघवी गडद पिवळी, डोळे पिवळे, अंगाला खाज, खूप उलट्या किंवा ताप असेल तर फोनवर थांबू नका, थेट रुग्णालय गाठा.

आणि आईला हे सांगताना "तू का घेतलंस" असं विचारू नका. बहुतेक वेळा त्या कॅप्सूल आपणच आणून दिलेल्या असतात.